बायकोच्या आवाजाची परवानगी

बायको गेल्यानंतर आमच्या गोव्यातल्या कोरगावच्या घरी येणाऱ्या माणसांचे दोनच प्रकार उरले. एक विचारायचे, जेवलात का? दुसरे विचारायचे, काजूची बागायत विकणार का? म्हणून काजूच्या दिवसांत एका दुपारी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, स्कूटर थांबून दोन बाया उतरल्या, तेव्हा मी सोप्यावरून उठलोसुद्धा नाही.

पुढची मला ठाऊक होती. साखळी शहरातल्या कॉलेजात शिकवते ती चली, तरणी पोर. बायको होती तेव्हा पौष महिन्यात धालो बघायला म्हणून आली आणि पुढे वरचेवर येत राहिली. फोनसारखं एक छोटं यंत्र मध्ये ठेवायची, आणि बायको तिला गाणी सांगायची. मागची बाई मोठी, केस पिकलेले, हातात कागदांची पिशवी. ती म्हणाली, "काका, मी त्याच कॉलेजची लायब्ररी बघते."

मला वाटलं पुस्तकं वाटत फिरतात काय. बसा म्हटलं. पाणी आणून दिलं. चहा करायचा सुचला नाही, आणि सुचला असता तरी साखर कुठे असते ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

लायब्ररीच्या बाईंनी सरळ विषय काढला. मला ते आवडलं. त्या म्हणाल्या, "ह्यांनी तुमच्या बायकोच्या गाण्यांवर लेख लिहिलाय. बाहेरच्या एका मासिकाने तो घेतलाय. आमच्या कॉलेजातल्या कोणाचाही लेख छापायला जाण्याआधी मी वाचते. कुठलं वाक्य कोणाकडून घेतलं, ते खाली नीट लिहिलंय की नाही ते बघते."

"म्हणजे चोऱ्या पकडता."

"चोरी व्हायच्या आधी हात धरते," त्या म्हणाल्या.

झालं होतं असं, की चलीने लेखात जागोजागी लिहिलं होतं, 'एका स्थानिक महिलेने सांगितले'. बाईंनी प्रत्येक वेळी त्याला पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, ही महिला कोण? हिला नाव नाही काय? आणि नाव घालायचं, आवाज ठेवायचा, तर तिने हो म्हटल्याचा कागद कुठे आहे? तिथे सगळं अडलं. चलीने तोंडी विचारलं होतं. सही मागाहून घेऊ म्हणाली. आणि मग...

"आणि मग ती मेली," मी म्हटलं. लोक तो शब्द गिळतात आणि माझ्याकडे बघत बसतात, त्याचा मला राग येतो.

चली रडायला लागली. बाईंनी पिशवीतून कागद काढला. वारस म्हणून नवऱ्याची सही चालते म्हणाल्या. सही झाली की आवाज कॉलेजच्या कॉम्प्युटरवर राहणार, त्याला कायमचा एक नंबर मिळणार, आणि लेख वाचणारा जगातला कोणीही तो नंबर दाबून गाणी ऐकू शकणार. मासिकाची तशी अटच होती.

"कोणीही म्हणजे?"

"कोणीही."

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर नियमाप्रमाणे आम्हाला तो आवाज ठेवता येत नाही, काका. पुसावा लागतो. मे महिना संपेपर्यंत वाट बघता येईल."

आमच्या घरात बायकोचा फोटो आहे, चांगला मोठा. आवाज नाही. मुलगा आखातात असतो, त्याच्याशी ती फोनवर रोज बोलायची, पण ते बोलणं कोण धरून ठेवतो? तिचा आवाज जगात कुठे उरला असेल तर ह्या चलीच्या यंत्रात, हे मला त्या घटकेपर्यंत सुचलंच नव्हतं. सुचलं आणि लगेच कळलं की तो पुसणार आहेत.

सही करायला कितीसा वेळ लागतो? मी चौथी शिकलोय, सही मला येते. पण मी पेन उचललं नाही. का, ते सांगतो.

धालो बायांचे. पौषातल्या रात्री वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बाया मांडावर जमतात, समोरासमोर दोन रांगा करतात आणि गात गात पुढे-मागे होतात. मांड म्हणजे नुसतं अंगण नव्हे, ती देवाची जागा. इतर वाड्यांवर पुरुष लांब उभे राहून बघतात. आमच्याकडे तेही नाही. आमच्या मांडावर धालो लागले की पुरुषाने त्या वाटेने जायचंसुद्धा नाही. नमनाचं गाणं लांबून कानावर येतं, त्याला इलाज नाही. बाकीची गाणी मी एवढा म्हातारा झालो तरी ऐकलेली नाहीत. त्यात घोवांची, म्हणजे नवऱ्यांची, आणि सासूंची चेष्टा असते म्हणतात. बायको मांडावरून पहाटे यायची तेव्हा तिच्या तोंडावर जे हसू असायचं, त्यावरून मी अंदाज करायचो, एवढंच.

म्हणजे ज्या गाण्यांना हो म्हणायला ह्या मला सांगत होत्या, ती ऐकायचासुद्धा मला हक्क नव्हता. अख्ख्या वाड्यात हक्क नसलेला माणूस शोधून काढून त्याच्यापुढे पेन धरलं होतं.

हे तिथेच बोलून टाकायला हवं होतं. पण बोललो असतो तर पुढचंही बोलावं लागलं असतं. मांडाची गाणी मांडावर, पौषात. घरी बसून, यंत्रापुढे म्हणायची नसतात. बायकोने ती म्हटली होती. चली आली की मला सांगायची, "तुमी परड्यात जावा." मी जायचो. मागीलदारी परड्यात काम असतंच. आता ही गोष्ट वाड्यावर फुटली तर मेलेल्या बाईचं नाव चार तोंडांत जाणार. मी म्हटलं, "कागद ठेवून जावा. बघतो."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी काजूचे बोंडू वेचायला डोंगरावर जायचो, आणि अर्धी टोपली भरली की वाटायचं, ह्याच घटकेला तिकडे कोणी बटण दाबलं असेल. वीज गेली की वाटायचं, साखळीतही गेली असेल, कॉम्प्युटर बंद पडला असेल, आवाज गेला असेल. दुसरी भीती उलट दिशेने यायची. मागल्या शिगम्यात, होळीच्या सणात, आमच्या पोरांनी रोमटाचे, मिरवणुकीचे ढोल फोनवर टाकले, तर ते मांद्र्याला किनाऱ्यावरच्या हॉटेलात दारू पिणाऱ्यांना नाचायला लावलेले माझ्या पुतण्याने स्वतः ऐकले. ढोलांचं एक वेळ सोडा. तिचा आवाज तिथे लावला तर? सही केली तर मांद्र्याला, नाही केली तर कुठेच नाही. रात्री जेवणावरची वासना गेली. सकाळी पोदेर, पाववाला, उंडे घेऊन यायचा, ते तसेच सुकून जायचे.

शेवटी एका सकाळी म्हापशामार्गे दोन बसगाड्या बदलून साखळी गाठली. नुसतं बघायला, की आवाज अजून आहे की नाही.

लायब्ररीत बाई मुलांना मेजाभोवती बसवून काहीतरी शिकवत होत्या. मी जनेलापाशी, खिडकीबाहेर उभा राहून ऐकलं. त्या सांगत होत्या, "कोणी सांगितलं, कधी, कुठे. एवढं खाली लिहिल्याशिवाय वर आपलं मत लिहायचं नाही. आणि ज्याचं आधी त्याचं आधी." एक मुलगा म्हणाला, "मॅडम, एखादं राहिलं तर काय होतं?" त्या म्हणाल्या, "राहिलेला माणूस भांडायला येतो."

मला वाटलं, हे तर आमचं गाऱ्हाणं. देवापुढे गाऱ्हाणं घालताना आधी स्थळाचा, मग सीमेचा, मग पूर्वजांचा, असा एकेकाचा नावाने मान द्यायचा, मगच आपलं मागणं. एक जरी गाळला तरी पुढे घरात काहीतरी बिनसतं. एवढ्यासाठी कॉलेज काढावं लागलं म्हणायचं.

मुलं गेल्यावर बाईंनी मला खुर्ची दिली. मी विचारलं, "आसा मा तो आवाज?" त्यांनी एका शब्दाने जास्त विचारलं नाही. कॉम्प्युटर लावला आणि पडदा माझ्याकडे फिरवला. काळ्यावर हिरवी, बारीक, दाटीवाटीची रेघ होती. कुठे फुगलेली, कुठे बारीक होऊन नुसता धागा.

"हा त्यांचा आवाज," बाई म्हणाल्या. "फुगलंय तिथे गातायत. बारीक आहे तिथे थांबल्यायत." आणि कानाला लावायचं यंत्र माझ्यापुढे केलं. "ऐका ना, काका."

मी मागे सरलो. खुर्ची मागच्या कपाटाला लागून पुस्तकं हलली.

"माका ऐकायचा नाही," मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. मांड, वाट, परडं, सगळं. बाई डिचोली तालुक्यातल्या. त्यांच्या गावात पुरुष कडेला बसून धालो बघतात, चहा पितात. त्यांना आमची रीत ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी यंत्र मेजावर ठेवलं.

"म्हणजे मी चुकीच्या माणसाकडे आले."

"होय."

"आणि तुम्ही इतके दिवस सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुसला असता."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या की सगळ्यांना मोकळं नाहीतर पुसून टाका, अशी दोनच टोकं नसतात. काही आवाज कुलूपबंद ठेवता येतात, कोणी ऐकायचं ते ठरवून. मासिकालाही तसं कळवता येतं, त्या स्वतः कळवतील. पण ठरवायला हक्काचं माणूस पाहिजे. "तुमच्या मांडावर शब्द कोणाचा चालतो?"

"वयनीचा," मी म्हटलं.

वयनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ केव्हाच गेला. ती आमच्या शेजारीच राहते, भिंतीला भिंत लागून. मांडावर पहिलं नमन तीच घालते. वाड्यावर तिला भीत नाही असा मी एकच माणूस, असं मी सांगतो, पण ते खरं नाही. ती हो म्हणेल ह्याची मला जराही आशा नव्हती. पण मे महिना अर्ध्यावर आला होता.

मी गेलो तेव्हा ती खळ्यात चटईवर कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. तिने मान वर केली नाही.

"माका ठावक आसा," ती म्हणाली.

"काय ठावक आसा?"

"तुमका ती परड्यात धाडी. माका खंय धाडतली? माजा जनेल तुमच्या सोप्याक लागान. सगळी गाणी मिया हंय बसान आयकलंय."

"आणि बोललीस नाय?"

"तिका बोललंय मगो! आमी मगे कितके दिस एकामेकीकडे तोंड उघडूक नाय. तुमका कळला? कळाचा नाय. पुढ्यात पेज इली काय तुमचा जग चललाच."

मला खरंच कळलं नव्हतं. वयनी लाल सोलं एकेक उलटी करत गेली.

"ती माका म्हणाली, वयनी, मांडार आता बायो कितक्यो येतत? तरणी चेडवां सकाळी विमानतळार कामाक वतत, रातची जागतली कशी? तुजा नि माजा तोंड मिटला काय गाणा खंय सोधतले? मिया म्हटलंय, मिटांदे. आमच्या वांगडा, आमच्याबरोबर जांवदे. मगे तीच आदी गेली."

मी म्हटलं, "मग ठेवूया म्हण."

"मिया कोण म्हणाक? मांडाच्या सगळ्यो बायो आयकतल्यो, मगे काय ता ठरतला."

"पुसा म्हणाल्या तर?"

"तर पुसतले."

"वयनी, तिचा दुसरा आवाज घरात नाय."

तेव्हा तिने वर बघितलं. तिचे हात सोलांनी लाल झाले होते. "भावजी, तो आवाज तुमचोच काय? पाणयार, मांडार, शेतार, जलमभर कोणाच्या वांगडा तो आवाज होतो?"

मी घरी आलो. रागाने आलो, पण वयनीचं म्हणणं बाईंना कळवलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वाड्यावरच्या बाया टेंपो करून साखळीला निघाल्या. डोक्यात अबोलीच्या वळेसऱ्या, जशा फेस्ताच्या जत्रेला निघाल्यात. मला वयनीने पुढे ड्रायव्हरकडे बसवलं. डिचोलीपर्यंत मागे नुसता हशा. ह्या हसणाऱ्या बायांच्या तोंडातून संध्याकाळपर्यंत 'पुसा' एवढं निघालं की संपलं, हेच माझ्या डोक्यात.

लायब्ररीच्या बाईंनी एक आतली खोली रिकामी केली होती. बाया आत, चली आत, बाई स्वतः आत. दार लावलं. दारावर बाईंनी कागद चिकटवला, 'पुरुषांना प्रवेश नाही'. तो वाचून एक प्रोफेसर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? मी पण भायरच."

मी बाहेर बांकावर बसलो. आधी काहीच ऐकू आलं नाही. दार जाड होतं, आणि त्याचं मला बरं वाटलं आणि वाईटही. मग एकदम हशा फुटला. टेंपोतला नव्हे, त्याहून मोठा, मांडीवर थापा मारून हसतात तसला. मग शांत. इतकं शांत, की मी उठून उभा राहिलो. बसलो. पुन्हा उठलो. ऐकता ऐकता कोणाला वाटलं असेल, हिने हे कशाला बाहेर काढलं? एकीच्या मनात आलं की पुरे, दहा जणींच्या येतं. समोरच्या कपाटातल्या पुस्तकांची नावं मी वाचायला घेतली. अक्षरं दिसत होती, पण शब्द जुळत नव्हते.

दार उघडलं आणि बाई आल्या. त्यांच्या तोंडावरून काही ओळखता येईना.

"ठेवायचं ठरलंय," त्या म्हणाल्या.

मी भिंतीला हात लावला.

त्यांनी अटी सांगितल्या. नमन सगळ्यांना मोकळं. बाकीची गाणी कुलपात, फक्त बायांनी ऐकायची, तीही आमच्या मांडाला विचारून. लेखात गाण्यांखाली आधी मांडाचं नाव येणार, मग सांगणारी म्हणून बायकोचं.

"तिचं मागाहून?" मी म्हटलं. ते मला झोंबलं. सांगितली तिने, बोलणी खाल्ली तिने.

वयनी दारात येऊन उभी होती. "गाणा कोणाच्या बापाशीचा नाय, भावजी. तिचा नाव येता ता बरा म्हणा. माजा खंय येता?"

बाईंनी मध्येच म्हटलं, "काका, अजून एक आहे. कागदावर तुमची सही लागेल."

"माझी कशाला? माझा काय संबंध?"

"एका ठिकाणी तुमचा आवाज आलाय. गाणं सुरू व्हायच्या आधी. ज्याचा आवाज, त्याची परवानगी. तो तुकडा तुमचा आहे. आणि आता ऐकल्याशिवाय मी कोणाची सही घेत नाही."

मी वयनीकडे बघितलं. ती म्हणाली, "आयका. ता गाणा न्हय."

आत बाया बांकांवर दाटून बसल्या होत्या. मला खुर्ची दिली. बाईंनी माझ्या कानाला यंत्र लावलं. चली म्हणाली, "काका, घाबरू नका." मी तिला गप म्हटलं.

आधी खरखर. कोंबडा आरवला. मग लांबून, परड्याच्या बाजूने, एक पुरुष ओरडला. असला फाटका, वैतागलेला आवाज, की मला वाटलं हा कोण मेला आमच्या परड्यात?

"अगोऽ, कोयतो खंय गेलो?"

आणि ती. इतकी जवळ, की मी मान वळवली.

"तुमच्या कमरेकच आसा न्हय तो!"

मग ती हसली, आणि खालच्या आवाजात चलीला म्हणाली, "हे असेच गो. समका कमरेक लायतले आनी परडाभर सोधतले. हं, आता धर, सांगतंय." तिने घसा खाकरला, श्वास घेतला, आणि बाईंनी बटण दाबलं.

सगळं बंद झालं.

"इथपर्यंत तुमचं, काका," त्या म्हणाल्या.

मी कागद ओढून घेतला आणि सही केली. मग बाईंना विचारलं, सही करण्याआधी जे ऐकायचं ते माणसाने एकदाच ऐकायचं असतं काय, असा काही नियम आहे काय?

"समजेपर्यंत ऐकता येतं," बाई म्हणाल्या.

"मला समजलं नाही," मी म्हटलं.

मागून वयनी म्हणाली, "लायगो बाये, परतून लाय. टेंपोवाल्याक मिया सांगतंय रव म्हणान."